थोर्नाचे पाय

चौकातल्या दोन दगडी सिंहांपैकी डाव्याच्या पायाशी, चौथऱ्यावर, क्लाइव्ह हॅलमने ती बोटभर उंचीची शिशाची सोंगटी उभी केली आणि सवयीने तिच्याभोवती हाताचा आडोसा धरला, कारण ती आता पडणार होती. थोर्ना पडायचीच. एका चवड्यावर सगळा भार, दुसरा गुडघा पुढे, कंबर एका अंगाला काढलेली आणि डोक्यावर दोन्ही हातांनी उगारलेली तलवार; शेजारी कुणी शिंकलं तरी ती आडवी व्हायची. ट्रॅम आली, घंटा वाजवत चौकातून वळली, दगडातली बारीक थरथर त्याच्या तळव्याला लागली. सोंगटी हलली नाही. त्याने आडोसा काढून घेतला. एक कबूतर जवळ आलं, एक डोळा तिच्याकडे लावून उभं राहिलं आणि कंटाळून निघून गेलं. थोर्ना उभीच. क्लाइव्हने वाकून तिच्याकडे पुन्हा पाहिलं. कारण ही सोंगटी त्यानेच घडवली होती, आणि तिला उभं राहता येत नाही हे नॉटिंगहॅममध्ये त्याच्याइतकं नेमकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

चष्मा वरच्या खिशात होता. तो लावल्यावर प्रकार दिसला. मांडीपर्यंत आलेल्या चिलखताच्या झालरीपर्यंत ती त्याची होती: तोच दंड, तीच मान, वाऱ्यावर उडालेली तीच वेणी, जिच्यासाठी त्याने सुईच्या टोकाने एक अख्खी दुपार घालवली होती. झालरीखाली मात्र दोन जाडजूड, फेंगडे, खिळे मारलेल्या बुटांतले पाय होते, दोन्ही टाचा सपाट टेकलेल्या, जमिनीशी जन्माची ओळख असल्यासारख्या. तेही त्याचेच. खाणीत काम करणारा एक दाढीवाला बुटका त्याने त्याच सुमाराला घडवला होता, त्याचे. कुणीतरी त्या बुटक्याला कमरेत कापलं होतं, थोर्नाला मांडीत कापलं होतं, मधे बारीक तार घालून दोघांना जोडलं होतं आणि सांध्यावर पुट्टी इतकी निगुतीने फिरवली होती की जोड शोधायला त्याला सोंगटी उन्हाकडे धरावी लागली. आता, सोंगट्या रंगवून खेळायच्या या छंदात कापाकापी सगळेच करतात. एकाचं मुंडकं दुसऱ्याच्या धडावर, घोड्याचं शेपूट राक्षसाला. त्यात गुन्हा नाही, उलट कौतुक होतं. क्लाइव्हला बोचलं ते वेगळंच. बुटांवरचा तपकिरी रंग बोटांच्या चिमटीत येतो तिथे झिजून शिसं दिसत होतं. इतका रंग झिजायला वर्षं लागतात. आणि त्या तपकिरीत लाल झाक होती. प्रत्येक तपकिरीत थेंबभर लाल घालायची खोड एकाच माणसाची होती, त्याच्या बायकोची.

ग्लेनिसने डब्याबरोबर काही लिहून पाठवलं नव्हतं. खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा, आत कापूस, कापसात थोर्ना. ते ग्लेनिसला धरूनच होतं. ती कुणाचं ठेवून घेणारी नव्हती आणि कुणाला हिशेबातून सोडणारीही नव्हती; घर सोडून मेबलथॉर्पला समुद्राकाठी राहायला गेली तेव्हासुद्धा त्याच्या आईची किटली धुऊन, पुसून, फडताळावर ठेवून गेली. फोन त्यानेच आधी केला होता. ज्या कारखान्यात त्याचं आयुष्य गेलं तो कारखाना त्याच्या जुन्या सोंगट्या पुन्हा काढणार होता, आणि सगळ्यांना थोर्ना हवी होती. मूळ साचा केव्हाच तडकलेला. लोकांच्या कपाटांतून ज्या प्रती मिळाल्या त्या बहुतेक घोट्यात मोडलेल्या. धडधाकट अशी एकच असेल याची त्याला खात्री होती: पहिल्या ओतीतली, त्याने बायकोला दिलेली.

बायकोला दिलेली, आणि बायकोवरूनच घडवलेली. बॅसफर्डच्या घरातलं स्वयंपाकघर, रविवार सकाळ, तो स्टुलावर आणि ग्लेनिस खिडकीपाशी झाडूची तलवार करून उभी. ती तेव्हा मोज्यांच्या कारखान्यात होती, आठवडाभर यंत्रापुढे उभ्याने काम, आणि रविवारी हे. "टाच टेकवू का रे?" ती विचारायची. "थांब जरा," तो म्हणायचा. "पोटरी वळतेय माझी." "वळू दे, छान दिसतेय." "कुणाला?" तिने एकदा विचारलं होतं, हसूनच; आणि तो पुट्टीत इतका बुडालेला की उत्तर द्यायचं राहून गेलं. मग ती म्हणाली, "एक सांगू? अशी उभी राहून तलवार मारली तर मीच पडेन. खरी मारायची असेल तर पाय असे हवेत." आणि तिने पाय फाकवून, दोन्ही टाचा रोवून झाडू असा फिरवला की बशी फुटली. ती बशी त्याला आठवत होती: निळ्या काठाची. ते पाय मात्र किती आठवू पाहिले तरी दिसत नव्हते, कारण त्या वेळी तो बशीकडे बघत होता.

खरं तर त्याने मुद्दाम काही वाईट केलं असंही म्हणता येत नव्हतं, आणि तीच अडचण होती. मुद्दाम केलं असतं तर ते एकदा मोजून, मान्य करून मोकळं होता आलं असतं. पुरुष घडवताना तो तार वाकवायचा ती सरळ खाली, दोन खांब, बुटांत शिसं भरपूर. बाई घडवताना तार हाताखाली आपोआप वळायची, कंबर एकीकडे, टाच वर. तसंच करायचे सगळे. या सोंगट्या ज्या खेळात लागायच्या त्याचे नियमही तसेच होते: पात्र बाईचं असेल तर ताकदीतले दोन गुण कापा, रूपात दोन वाढवा. पुरुषाला म्हातारं व्हायची मुभा होती, पोट सुटायची होती, एक डोळा, लाकडी पाय, नाकावर चामखीळ, काय हवं ते. बाईला एकच वय होतं. आणि तिचा घोटा इतका नाजूक की ओतताना शिसं तिथवर पोचायच्या आतच गार व्हायचं. ओतकामाच्या बायका वैतागायच्या. टपालाने गेलेल्या थोर्ना मोडून परत यायच्या, बरोबर सभ्य भाषेतल्या तक्रारी. मग कारखान्यात बैठक व्हायची. कुणी म्हणालं, खाली दगड द्या टेकायला. दगड दिला. कुणी म्हणालं, झाडाचं खोड. एका वर्षी पायाला वेटोळं घालून साप दिला, तो लोकांना इतका आवडला की क्लाइव्हला बक्षीस मिळालं. खोड, साप, कवटी, धबधबा, सगळे उपाय झाले. टाच खाली टेकवा असं त्या खोलीत कुणी म्हणालं नाही. ज्या एका बाईने म्हटलं होतं ती बैठकीला नव्हती.

गुरुवारी त्यांच्या मित्राच्या, बॅरीच्या घरी खेळ असायचा. बॅरी खेळ चालवायचा, म्हणजे गोष्ट सांगायचा आणि न्याय द्यायचा, आणि दोन्ही कामांत त्याला आपलाच आवाज फार आवडायचा. बाकी क्लाइव्ह धरून चार पुरुष आणि ग्लेनिस. तिचं पात्र थोर्ना, टेबलावर तिची सोंगटी. त्या टेबलावर एक रीत होती: सोंगटी पडली की पात्र पडलं. धक्का कुणाचा, चूक कुणाची, विचारायचं नाही. उठायला एक डाव जायचा. पुरुषांच्या सोंगट्या उखळासारख्या बसलेल्या, त्यामुळे ही रीत सगळ्यांना अगदी न्यायाची वाटे. बॅरीचं टेबल घडीचं, एक पाय आखूड. कुणी बिअर ठेवली की थोर्ना आडवी. "पडल्या बाईसाहेब," बॅरी म्हणायचा. "अरे, बाटली तू आपटलीस," ग्लेनिस म्हणायची. "अंधाऱ्या गुहेत अशा टाचा घालून कोण येतं?" असं बॅरीने विचारलं की सगळे हसायचे, क्लाइव्ह सगळ्यांत आधी, कारण विनोद त्याच्या कामावर होता आणि त्याला तो मान वाटायचा. डाव तिच्याइतका विचारपूर्वक कुणी खेळत नसे. तरी मोक्याच्या वेळी थोर्ना पाठीवर, तलवार छताकडे, आणि उरलेले चौघे राक्षसाचा खजिना वाटून घेत आहेत, असंच बहुतेक गुरुवारी व्हायचं. घरी जाताना गाडीत ती थोर्नाला रुमालात गुंडाळत बसायची. तो म्हणायचा, "खेळ आहे गं." मग पुढे कधीतरी बॅरीने नवं टेबल घेतलं, ओकचं, चारही पाय सारखे, आणि थोर्नाचं पडणं थांबलं. ते क्लाइव्हला पक्कं आठवत होतं. नंतर तिने एकटीने पूल राखला होता, बॅरीचा लाडका राक्षस मारला होता, आणि बॅरी आठवडाभर फुगून बसला होता. त्यावर क्लाइव्ह लोकांना सांगायचा: टेबल चांगलं असलं की खेळ बदलतो.

चौकात ऊन कललं होतं. सिंहाच्या दुसऱ्या बाजूला दोन पोरी कुणाची तरी वाट बघत कागदातले बटाटे खात होत्या. त्याने फोन लावला.

"मिळाली?" ग्लेनिसने विचारलं.

"मिळाली. चौकातच उघडली."

"तुला कधी धीर होता? मग?"

"पाय, ग्लेनिस."

"हं."

"कधी केलंस हे?"

"बॅरीकडे नवं टेबल आलं ना, त्याच्या आदल्या आठवड्यात. तू डर्बीला गेला होतास, तुझी करवत घेतली. पातं मोडलं तर तू बोंबलशील म्हणून सारखी धाकधूक."

तो हिशेब करू लागला, आणि करता करता थांबला. टेबलाच्या आदल्या आठवड्यात. त्यानंतर तिने घर सोडेपर्यंतचे सगळे गुरुवार. "मी तुझ्या समोरच बसायचो," तो म्हणाला.

"बसायचास खरा."

"दिसलं कसं नाही मला?"

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. मग ती सरळ आवाजात म्हणाली, "तू काहीतरी बोलशील म्हणून मी बरेच गुरुवार थांबले. रागावशील, नाहीतर हसशील तरी. मग म्हटलं, जाऊ दे, आणि खेळायला लागले. छान गेले हं ते दिवस." यात टोमणा होता की नुसती आठवण, ते त्याला ठरवता आलं नाही. तिने कधी या दोन गोष्टी वेगळ्या करून दिल्याच नव्हत्या.

कारखान्यात आता टॅमसिन सगळं बघते. तिशीची, कानात अर्धा डझन बाळ्या, पुट्टीला हात लावत नाही, सगळं संगणकाच्या पडद्यावर. क्लाइव्हशी ती आदराने वागते आणि तोंडावर खरं बोलते, आणि त्याला या दोन्हींचा त्रास होतो. त्याच संध्याकाळी तिने थोर्नाला टेबलावर ठेवलं, टेबलाला गुडघ्याने ढुशी दिली, आणि वाट बघितली.

"अरेच्चा," ती म्हणाली. "क्लाइव्ह, मी लहानपणापासून तुमच्या सोंगट्या रंगवतेय, आणि तुमच्या सगळ्या बायका बस चुकल्यासारख्या उभ्या असतात, एका पायावर. ही एकटी कुठे जायची घाई नसलेली दिसतेय. पाय कुणाचे?"

"बुटक्याचे."

"ते दिसतंय हो. केले कुणी? मला त्या माणसाला नोकरी द्यायचीय."

"बायको होती माझी," तो म्हणाला, आणि त्यातला 'होती' टॅमसिनला ऐकू गेला, कारण तिने बाळीशी चाळा सुरू केला.

ही अशीच काढू या, असं तिला वाटत होतं. पण त्यानेच सांगितलं, जमणार नाही; बुटक्याच्या मांड्या आखूड, एक सोंगटी हातात घेतली तर खपून जाईल, पेटीभर शेजारी उभ्या केल्या की थट्टा वाटेल. आणि ही थट्टा नव्हती, हे त्याला दुपारपासून फार स्पष्ट कळत होतं. "मग तुम्ही करा," टॅमसिन म्हणाली. "बाईचे पाय, पण असे. मी पडद्यावर तासाभरात करीन, पण ते माझे होतील. वरचं अंग तुमचं आहे, खालचंही तुमचंच हवं. शुक्रवारी साचा लागणार. नाहीच जमलं तर जुनी आहे तशी काढू. मोडक्या प्रतींचे तुकडे आहेत माझ्याकडे, जोडून घेईन. लोक घेतात हो, पडली तरी घेतात. आणि तुमचं नाव असतंच खाली." शेवटचं ती धीर द्यायला म्हणाली.

नाव खाली असतंच. सोंगटीखालच्या चकतीच्या पोटात, उलटी केल्याशिवाय दिसत नाही असं, बारीक अक्षरांत. थोर्ना पडली की मात्र सगळ्यांना दिसायचं; टेबलावरच्या पुरुषांनी त्याचं नाव किती वेळा वाचलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी त्याने खिडकीपाशी दिवा ओढला, तार घेतली, पुट्टीचे दोन रंग मळून एक केला, बोटं ओली केली. हात अजून थरथरत नव्हते, एवढी देवाची कृपा. पहिल्यांदा झाले ते पुरुषाचे पाय झाले. पायांत ताकद होती, पण ते तिचे नव्हते, ते बॅरीचे होते किंवा कुणाचेही. दुसऱ्यांदा त्याने पोटरी कोवळी केली, आणि बघतो तर टाच वर. त्याने उचलली नव्हती. हातांनी उचलली होती, त्याला न विचारता. त्याने ती खाली दाबली तर गुडघा मोडल्यासारखा दिसू लागला, कारण वरून सगळा तोल त्या उचललेल्या टाचेसाठीच मांडलेला होता. एक टाच खाली आणायची तर कंबर सरळ करायला हवी, कंबर सरळ केली तर खांदे, खांदे हलले तर मान, आणि मान हलवली की थोर्ना उरतच नव्हती. मग त्याने डोळे मिटून ग्लेनिसला उभी करून पाहिली. बसच्या थांब्यावर. मोरीपाशी. यंत्रापुढे, जिथे तो एकदाच तिला घ्यायला गेला होता आणि ओळीने उभ्या बायकांमध्ये ती पटकन सापडली नव्हती. मान दिसायची, मनगट दिसायचं, वैतागल्यावर खालचा ओठ दिसायचा. कमरेखाली आलं की झाडू घेतलेली ती एकच रविवारची बाई दिसायची, पोटरी वळलेली, छान. इतकी वर्षं एका घरात काढलेल्या बाईचे पाय जमिनीवर कसे टेकतात हे त्याला सांगता येत नव्हतं. असं काही आपल्याला ठाऊक नाही हेही त्याला आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं.

बुधवारी तो मेबलथॉर्पच्या बसमध्ये बसला. मांडीवर डबा, खिशात वही-पेन्सिल. वाटेत लिंकनशरची सपाट कोबीची शेतं, आणि प्रत्येक थांब्यावर चढणाऱ्या उतरणाऱ्या बायकांचे पाय. तो बघत होता, आणि एका आजीबाईंनी त्याला तसं बघताना पकडून पिशवी पायांपुढे ओढून घेतली.

ग्लेनिसने दार उघडलं ते दाराच्या चौकटीला टेकूनच. दुसऱ्या हातात काठी. उन्हाळ्यात खुबा बदलला होता, हे तिने फोनवर सांगितलं नव्हतं. केस आखूड, पांढरे, शोभणारे. तिचे पाय बघायला त्याने मान खाली घातली आणि तिचा गैरसमज झाला.

"पाय पुसायची गरज नाही, ये आत. तू आणि सभ्यपणा. चहा ओत, ओतलेला नाहीये. मला किटली जड होते."

त्याने चहा ओतला. खिडकीबाहेर वाळूचा बांध आणि बांधापलीकडे नुसता आवाज. त्याने थोर्ना टेबलावर ठेवली, दोघांच्या मधे, आणि जे सांगायचं ते सांगितलं: टॅमसिन, शुक्रवार, बुटक्याच्या आखूड मांड्या, आपोआप उचलली जाणारी टाच. तो बोलत असताना ग्लेनिसने बशीतल्या बिस्किटाचे दोन तुकडे केले, मोठा त्याच्याकडे सरकवला.

"बुटक्याचेच राहू दे की," ती म्हणाली.

"आखूड आहेत."

"मला कधी कमी पडले नाहीत. पूल त्याच पायांवर राखला."

"आठवतंय मला. मी सगळ्यांना सांगायचो, टेबलामुळे."

"माहितीये. बॅरीच्या बायकोने सांगितलं होतं." ती हसली, आणि ते हसणं अजिबात कडवट नव्हतं. कडवट असतं तर त्याला पुढचं विचारायला सोपं गेलं असतं.

त्याने वही काढली. पेन्सिलीचं टोक बघितलं. "ग्लेनिस, जरा उभी राहतेस? तुला हवी तशी. मी काही सांगणार नाही. पाचच मिनिटं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. इतकं सरळ तिने त्याच्याकडे कधी बघितलं होतं, आणि आपण तेव्हा कशाकडे बघत होतो, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

"टाच टेकवू का?" तिने विचारलं.

"टेकव. दोन्ही टेकव."

"बघ हं. नंतर म्हणशील थांब जरा."

"नाही म्हणणार."

तिने काठीकडे हात नेला. त्याने पेन्सिल कागदावर ठेवली. मग तिने काठी उचलली, आणि भिंतीपाशी, सहज हाताला येणार नाही अशी, टेकवून ठेवली. "नाही रे क्लाइव्ह," ती म्हणाली, समजूत घातल्यासारखं. "मी खूप उभी राहिले. आता मी बसते." आणि थोर्नाला चिमटीत धरून, रंग झिजला होता नेमक्या त्याच जागी धरून, तिने तिला आपल्या मागे खिडकीच्या फळीवर नेऊन ठेवलं. "ही राहू दे माझ्याकडे. तूच दिली होतीस ना. तुझ्या त्या पोरीला सांग, हरवली."

वाऱ्याने खिडकीची काच वाजत होती. थोर्ना उभी होती. क्लाइव्हने हो म्हटलं, चहाचा घोट घेतला, आणि कप खाली ठेवताना टेबलाखाली बघितलं. ग्लेनिसचे पाय तिथे होते, लोकरीच्या सपाता, घोटे सुजलेले, दोन्ही टाचा फरशीवर सपाट टेकलेल्या. तो बराच वेळ बघत राहिला. पण ती बसलेली होती. पायांवर भार नव्हता, आणि भार नसलेल्या पायांवरून काही कळत नाही.